तारनाक्यातली तार कसली?

पुढचं स्टेशन, तारनाका!

हैदराबादच्या मेट्रोत बसायचं. निळा मार्ग पकडायचा. सिकंदराबादहून नागोलकडे निघालं की मेट्टुगुडा येतं आणि लगेच हे नाव येतं. दारं उघडतात. कॉलेजची मुलं घाईघाईत उतरतात, आजी-आजोबा जपून उतरतात. दारं मिटतात आणि गाडी सुटते.

आणि या गमतीदार नावाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही! तू बघ ना, दोस्ता. जरा मोठ्यानं म्हण. तार. नाका.

अगदी मराठी वाटतं की नाही? आणि हे तर तेलंगणात आहे! तिथे तेलुगू बोलतात, उर्दू बोलतात. पण तार आणि नाका हे दोन्ही शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. म्हणून या स्टेशनवर आपल्याला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

आता खरा प्रश्न. कसली तार? आणि कसला नाका? चल, अंदाज कर!

तुझ्या आजोबांना विचारशील तर ते म्हणतील, "तार म्हणजे टेलिग्राम! तारऑफिस असणार तिथे." वा! अंदाज छान आहे. पूर्वी तातडीचा निरोप तारेनं जायचा. 'ताबडतोब निघा' एवढीच तार आली तरी घरात धावपळ! आपल्या देशातली ही तारसेवा २०१३ साली जुलै महिन्यात बंद झाली. पण नाही. ही तार ती नव्हे.

मग इंग्रजी टार? म्हणजे डांबर? रस्त्यावरचं काळं, चिकट, उन्हात चपलेला लागणारं? छे! तेही नाही.

आकाशातला तारा? अंहं!

एक युक्ती करू. आधी नाका पकडू. तो सापडला की तार आपोआप हाती लागेल.

तुझ्या शाळेच्या फाटकावर वॉचमनकाका बसतात ना? खुर्ची, काठी, टेबलावर एक वही. कुणीही आलं की थांबायचं. "कुठे चाललात? कुणाला भेटायचंय? इथे सही करा." झाला नाका! जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात, विचारतात, तपासतात, ती जागा म्हणजे नाका.

मुंबईत साकीनाका आहे, मरोळ नाका आहे. ठाण्यात तीन हात नाका आहे. मुलुंडला चेकनाका आहे. शहरात माल आणायचा तर जकात नावाचा कर भरावा लागे. नाक्यावर ट्रकांची ही लांब रांग लागायची! मुंबईतली जकात २०१७ साली बंद झाली. रांगा गेल्या, पण चेकनाका हे नाव काही गेलं नाही. रिक्षावाले आजही तेच म्हणतात.

आणि आता एक भन्नाट गोष्ट ऐक. सोलापूर ते तुळजापूर किती लांब? जेमतेम ४५ किलोमीटर. सकाळी निघालं की दर्शन घेऊन जेवायला घरी! पण स्वातंत्र्याआधी सोलापूर होतं इंग्रजांच्या राज्यात आणि तुळजापूर होतं निजामाच्या राज्यात. म्हणजे भवानीआईच्या दर्शनाला जाताना चक्क एका राज्याची हद्द ओलांडायची! निजामाचं नाणं वेगळं, त्याला हाली शिक्का म्हणत. टपाल वेगळं. रेल्वेही वेगळी. आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका! करोडगिरी म्हणजे निजामाचं जकातखातं. गाठोडं सोडा, काय आणलंय ते दाखवा, पैसे भरा, मग पुढे व्हा. मराठवाड्यातल्या पणजी-पणजोबांना हा शब्द चांगलाच ठाऊक होता. तुला मात्र म्हणायलासुद्धा मजा वाटेल. करोडगिरी!

त्या निजामाच्या राज्याची राजधानी कुठली? बरोब्बर! हैदराबाद.

आता गंमत बघ. तारनाक्याचा नाका करोडगिरीचा नव्हता. तिथे मालही तपासत नव्हते. तिथला पहारा होता भलत्याच गोष्टीवर.

सांग बरं कशावर?

खजिना? तोफा? कैदी?

आंबे!

हो, आंबे! गोष्ट अशी सांगतात. निजामाच्या काळात इथे शहर नव्हतंच. सिकंदराबाद एका बाजूला आणि उप्पल दुसऱ्या बाजूला. मधे लालागुड्यासारख्या छोट्या वस्त्या, माळरान आणि आमराई. आता आमराई म्हटली की कैऱ्या आल्या. कैऱ्या आल्या की दगड मारणारी मुलं आली. मग आमराईभोवती तारेचं कुंपण घातलं आणि पहारेकऱ्याची चौकी बसवली. लोक म्हणू लागले, तारेचा नाका. तारवाला नाका. तारनाका!

म्हणजे एवढ्या मोठ्या वस्तीला नाव मिळालं ते कुंपणामुळे. राजाचं नाही, देवाचं नाही, शूर सेनापतीचं नाही. एका कुंपणाचं! मला तर हे भारी आवडतं.

आणि लोकांनी आंब्याचं नाव दिलं नाही बरं का. 'आमनाका' म्हणता आलं असतं की! पण आंब्याची झाडं तेव्हा कुठेही दिसायची. तार मात्र नवलाची होती.

का? तार ही काय नवलाची गोष्ट?

थांब, तारेजवळ जाऊ. शेताच्या कुंपणाची काटेरी तार कधी निरखून बघितली आहे का? हात लावायचा नाही हं! नुसतं बघायचं. ती एक तार नसते. दोन तारा असतात. आईनं दोनपदरी वेणी घालावी तशा एकमेकींत पिळलेल्या. आणि थोड्या थोड्या अंतरावर तारेचा एक छोटा तुकडा वेढे घालून बसवलेला. त्याची टोकं तिरकी कापलेली असतात, म्हणून ती टोचतात.

आता डोकं चालव. दोन तारा कशाला? एकीनं काम भागलं नसतं का?

नसतं! एकाच तारेवर काटा गुंडाळला तर तो घसरतो. गाय अंग घासते, काटा सरकतो. दुसरी घासते, आणखी सरकतो. शेवटी सगळे काटे एका कोपऱ्यात गोळा आणि बाकीची तार गुळगुळीत! मग गाय निवांत आत. पण दुसरी तार पिळून घातली की काटा दोघींच्या मधे गच्च धरला जातो. जागचा हलत नाही.

ही युक्ती कुणाची, माहीत आहे? अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याची. त्याचं नाव जोसेफ ग्लिडन. इलिनॉय राज्यात डिकाल्ब नावाचं गाव आहे, तिथे तो राहायचा. १८७३ साली तो एका जत्रेत गेला. शेतकऱ्यांच्या जत्रेत! तिथे कुणीतरी कुंपणासाठी एक लाकडी पट्टी मांडली होती. पट्टीला टोकदार खिळे. गुरं अंगाशी आली की टोचणार. ग्लिडननं ती बघितली आणि त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. लाकूड कशाला? थेट तारेलाच काटे लावले तर?

पण तारेचे इतके सारखे काटे वळायचे कसे? घरी कारखाना थोडाच होता!

त्यानं काय केलं असेल? तो गेला स्वयंपाकघरात! कॉफीच्या बिया दळायचं हातयंत्र उचललं, त्यात थोडी खटपट केली, दांडा फिरवला आणि काटे वळले! घरच्यांना त्या दिवशी कॉफी मिळाली की नाही, देव जाणे. मग दोन तारांना पीळ द्यायला त्यानं धार लावायच्या दगडाचं चाक वापरलं. २४ नोव्हेंबर १८७४ या दिवशी त्याला या तारेचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे 'ही कल्पना याची आहे, त्याला विचारल्याशिवाय वापरायची नाही' असा सरकारी कागद.

त्याआधी आपल्याकडे कुंपणं कशाची असायची? बाभळीच्या काट्यांची, निवडुंगाची, दगडगोट्यांची. काटे वाळायचे, मोडायचे, दरवर्षी नवे रचावे लागायचे. आणि मग आली ही चकचकीत, कधी न वाळणारी लोखंडी काटेरी वेल! माळरानावर ती उन्हात चमकताना केवढी दिसली असेल! लोकांनी जागेला तिचंच नाव दिलं, यात नवल नाही.

आणि इथेच आपल्याला एक गुपित सापडतं. तुझ्या लक्षात आलं का?

हैदराबाद शहर वसलं १५९१ साली. गोवळकोंड्याचा किल्ला तर त्याहून जुना. पण तारनाक्याची तार जर काटेरी तार असेल, तर हे नाव १८७४ च्या आधीचं असण्याची शक्यता फारच कमी! जी वस्तू लोकांच्या हाती आलीच नव्हती, तिचं नाव गावाला कसं पडेल? कुठलाही जुना कागद न उघडता आपण नावाचं वय ओळखलं. गुप्तहेर आहोत आपण, गुप्तहेर!

अशीच पहाऱ्याची नावं लांबच्या देशातही आहेत. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा चिमुकला देश आहे. इतका चिमुकला की तिथल्या सगळ्या माणसांपेक्षा एकट्या हैदराबादची माणसं कितीतरी जास्त! तिथे डोंगरउतारावर स्ट्राझा नावाची इवलीशी गावं आहेत. स्ट्राझा या शब्दाचा अर्थ काय असेल? पहारा! पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी तिकडे तुर्की फौजा धाडी घालायच्या. मग टेकड्यांवर पहारेकरी बसायचे. शत्रू दिसला की मोठा जाळ पेटवायचा. तो बघून पुढच्या टेकडीवर जाळ. मग त्याच्या पुढच्या. निरोप डोंगराडोंगरांवरून पळत सुटायचा आणि खालच्या गावांतली माणसं गुरंढोरं घेऊन लपायची.

पण मग एक गोंधळ झाला. पहारे खूप, म्हणून स्ट्राझाही खूप! वर्गात दोन आर्या असल्या की बाई काय करतात? आर्या कुलकर्णी, आर्या पाटील अशा हाका मारतात. तिकडेही तेच केलं. कुणी झालं स्ट्राझा प्री राकी, कुणी स्ट्राझा प्री डोलू. 'प्री' म्हणजे जवळ. राका गावाजवळचं स्ट्राझा! आपण मात्र वेगळी शक्कल लढवतो. पुण्यात वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं.

चल, परत मेट्रोत बसू. तारनाक्याच्या पुढचं स्टेशन कोणतं? हब्सीगुडा! गुडा म्हणजे तेलुगूत छोटी वस्ती, आपल्याकडच्या पाड्यासारखी. आणि हब्शी म्हणजे आफ्रिकेतल्या हबश देशाचा माणूस. त्या देशाला आता इथिओपिया म्हणतात. निजामाच्या फौजेत आफ्रिकेतून आलेले घोडेस्वार होते. त्यांच्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. तुला मलिक अंबर आठवतो का? तोही इथिओपियातूनच आला होता. त्यानं १६१० साली खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर!

हब्सीगुड्यात एका रस्त्याचं नाव काय आहे, सांगू? स्ट्रीट नंबर आठ. बस, एवढंच. शेजारी एवढी गोष्टीवेल्हाळ नावं आणि या बिचाऱ्याला नुसता आकडा! मला त्याची दया येते.

नावांच्या गमतीत हैदराबादचा हात कुणी धरणार नाही. तिथे मासाब टँक नावाचा भाग आहे. मासाब कोण? कुणी मोठे साहेब? नाही, एक आई! हयात बक्षी बेगम ही राजाची आई. लोक तिला आदरानं 'माँ साहेबा' म्हणत. तिच्या नावाचं तळं होतं. माँ साहेबा, माँ साहेबा म्हणता म्हणता झालं मासाब!

आणि मुसारामबाग? हे ऐकून तर तू टुणकन उडी मारशील.

तुला वाटेल, मुसाराम नावाचे कुणी गृहस्थ असतील. धोतर, पगडी, हातात जपमाळ. छे रे छे! ते होते गोरेपान फ्रेंच लष्करी अधिकारी! त्यांचं आडनाव रेमंड. फ्रेंच भाषेत 'श्रीयुत' म्हणायला 'मस्यू' म्हणतात. म्हणजे हे झाले मस्यू रेमंड. आता कानगोष्टींचा खेळ आठव. पहिल्याच्या कानात सांगितलं 'पेरूची फोड', शेवटच्यानं ऐकलं 'मेरूची ओढ'. तसंच झालं! मस्यूचं झालं मुसा. रेमंडचं कुणी केलं राम, कुणी केलं रहीम. हिंदू म्हणायचे मुसा राम, मुसलमान म्हणायचे मुसा रहीम. माणूस एकच, आणि दोघांनाही आपला वाटणारा! निजामासाठी त्यानं तोफा ओतायचा कारखाना काढला. त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात. १७९८ साली तो हैदराबादेतच वारला. शहराच्या पूर्वेला एका टेकडीवर त्याची समाधी आहे.

अजून एक! १७९५ साली खर्ड्याची लढाई झाली. मराठे विरुद्ध निजाम. लढाई मराठ्यांनी जिंकली. त्या दिवशी निजामाच्या बाजूनं पलटणी घेऊन कोण उभं होतं? आपले मुसाराम!

बरं, तारनाक्याच्या आमराईचं पुढे काय झालं? शहर वाढत वाढत तिथे आलं. शेजारी उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. विद्यापीठ सुरू झालं १९१८ साली. तिथली आर्ट्स कॉलेजची दगडी इमारत पूर्ण झाली १९३९ मध्ये, आणि ती एवढी भव्य आहे की समोर उभं राहिलं की मान दुखते! तिथे सुरुवातीला रसायनशास्त्र, गणित, इतिहास, सगळं उर्दूतून शिकवत. नांदेड, परभणी, बीड ही तेव्हा निजामाच्याच राज्यात होती. त्यामुळे मराठवाड्यातली हुशार मुलं ट्रंका घेऊन इथे शिकायला यायची. घरी मराठी, कॉलेजात उर्दू, बाजारात तेलुगू! मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली.

त्याच १९५८ साली तारनाक्याला एक नवा पाहुणा आला. लांबून, तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या थंड डोंगरातून. पाहुणा म्हणजे एक अख्खी प्रयोगशाळा! १९१८ साली ती तिकडे एका खोलीत सुरू झाली होती. माणसानं काय खावं आणि काय खाल्लं नाही तर आजार होतात, हे शोधणारी प्रयोगशाळा. ती हैदराबादला आली तेव्हा तिचे प्रमुख होते डॉ. वि. ना. पटवर्धन. आज तिचं नाव आहे राष्ट्रीय पोषण संस्था.

तिथले शास्त्रज्ञ काय करतात, ठाऊक आहे? बाजारातून खायच्या वस्तू आणतात. तांदूळ, डाळी, भाज्या, मासे, फळं. त्या निवडतात, कुटतात, वाटतात. मग प्रत्येकीत पाणी किती, साखर किती, लोह किती, कोणकोणती जीवनसत्त्वं किती, हे मोजतात. २०१७ साली त्यांनी ५२८ पदार्थांचा एक भलामोठा तक्ता छापला. तुझ्या डब्यातल्या पोळीच्या गव्हात आणि भाजीत नेमकं काय काय असतं, ते त्यात शोधता येतं!

आणि त्या तक्त्यात फळांचं पान काढलंस, तर आंब्याला एक ओळ पुरलेली नाही. केसर वेगळा मोजलाय, पायरी वेगळा, बंगनपल्ली वेगळा, तोतापुरी वेगळा! जिथे एके काळी आंब्याला हात लावायला बंदी होती, त्याच तारनाक्यात आता शास्त्रज्ञ आंबे मागवतात, कापतात, त्यांचा गर काढतात आणि त्याचा थेंबन्‌थेंब मोजतात. मोजून उरलेल्या फोडी कोण खातं, हे मात्र तक्त्यात कुठेही छापलेलं नाही!